बिनभांगाचे संस्थापक

१

शताब्दी पदकाचा पहिला नमुना निघाला आणि त्यावर संस्थापकांच्या डोक्यात भांग दिसला, तेव्हा टांकसाळीच्या त्या लांबट खोलीत कुणाला काही सुचेना. संचालकांनी नमुना उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला आणि शेवटी शेजारच्या माणसाच्या हातात ठेवून दिला. हातोहात तो सगळ्या समितीत फिरला. मग एकदम कलकलाट सुरू झाला.

भांगावरून एवढं रामायण कशासाठी, असं परक्या माणसाला वाटेल. त्या गावात कुणाला वाटत नव्हतं. टेकडीवर राहणारे ते वरचे आणि नदीकाठचे ते खालचे. वरचे डावीकडे भांग पाडत, खालचे उजवीकडे. शंभर वर्षांपूर्वी संस्थापकांनी दोन्ही वस्त्यांचं एक गाव केलं आणि तेव्हापासून दोन्ही वस्त्या एकाच गोष्टीवरून भांडत आल्या होत्या, ती म्हणजे संस्थापक नक्की कुणाचे. त्यांचा फोटो एकच होता, काचेच्या पट्टीवर घेतलेला. ती काच सुलट धरून छापली की भांग एका बाजूला येई, उलट धरली की दुसऱ्या. सुलट कुठली हे ठरवणारं कुणी हयात नाही असं गाव धरून चाललं होतं. वरच्यांच्या घरात डाव्या भांगाचे संस्थापक होते, खालच्यांच्या घरात उजव्या भांगाचे.

पदक काढायचं ठरलं तेव्हा समितीच्या पहिल्या बैठकीत एवढंच ठरलं की डावं-उजवं हे पाहणाऱ्याचं धरायचं, संस्थापकांचं नाही. तेवढ्यावरूनही दोघे सभात्याग करून गेले. महिनोन् महिने डोकेफोड झाल्यावर तोडगा निघाला, तो असा की संस्थापकांचे केस सरळ मागे फिरवलेले दाखवायचे आणि भांग मुळी द्यायचाच नाही. हा तोडगा कुणालाच आवडला नव्हता, म्हणून तो मंजूर झाला.

आणि आता नमुन्यावर भांग होता, तोही उजवीकडे.

ठसा कोरणारा ठसेकार खालच्यांपैकी. मग पुरावा आणखी कशाला हवा? संचालकांनी त्याला तिथल्या तिथे निलंबित केलं, ठसा स्वतःच्या हातानं कपाटात टाकला, किल्ली खिशात घातली आणि सरकारकडून चौकशी अधिकारी मागवली.

ही चौकशी अधिकारी म्हणजे गावभर चौकशीबाई म्हणून ओळखली जाणारी एक चिडकी, थकलेली आणि कामात चोख असलेली बाई. त्या संध्याकाळी त्या आल्या तेव्हा संचालकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "गुन्हेगार तर उघड आहे, मॅडम. तुम्ही फक्त अहवाल लिहा. सोहळ्याआधी त्याला बडतर्फ करून पोलिसांच्या ताब्यात द्यायचंय."

"सगळं ठरलंच आहे, तर मला कशाला बोलावलंत?"

संचालकांनी आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला. त्या टकलामुळेच त्यांना संचालकपद मिळालं होतं, दोन्ही बाजूंच्या संमतीनं. "तुमचे केस कुरळे आहेत ना," ते म्हणाले. "त्यात भांग पडत नाही. तुमच्या अहवालावर कुणी शंका घेणार नाही."

इतकी वर्षं नोकरीत घासल्यावर आपली गुणवत्ता केसांत आहे हे ऐकून चौकशीबाईंच्या कपाळाची शीर उडू लागली. त्यांचे वडील वरचे, आई खालची. लहानपणी एक आजी डावीकडे विंचरायची, दुसरी आजी उजवीकडे, आणि केस आपले दोघींचं न ऐकता परत गुंडाळून बसायचे. बाईंनी तेव्हापासून त्यांना मनातल्या मनात शाबासकी दिलेली होती.

"अहवाल मी लिहीन," त्या म्हणाल्या, "पण आधी चौकशी करीन. काल ठशाजवळ कोण कोण होतं ते सांगा."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं ते असं. नमुना काढण्याच्या आदल्या दिवशी दुपारी संचालकांनी समितीतल्या तिघांना कोरकामाच्या खोलीत नेऊन ठसा दाखवला होता. ठसा दाबयंत्रात बसवलेला होता आणि वर दिवा होता. भोवतालची अक्षरं अजून मारायची होती, नुसता चेहरा तयार होता. पोलादाला पाणी दिलेलं नव्हतं, म्हणजे ते अजून मऊ होतं. सगळ्यांनी वाहवा केली आणि शेजारच्या खोलीत चहाला गेले. चहाच्या दरम्यान तिघेही एकेकदा उठून त्या खोलीत परत गेले होते. संध्याकाळी ठसेकारानं गंज चढू नये म्हणून ठशावर वंगणाचा जाड थर दिला आणि कुलूप लावलं. सकाळी गर्दीत फडकं फिरवून वंगण पुसलं, कथलाची चकती ठेवली आणि मान म्हणून दांडा संचालकांनी स्वतः फिरवला.

"नमुना निघाल्यावर ठसा कुणी पाहिला?" बाईंनी विचारलं.

"मी आणि ठसेकारानं. बाकीचे नमुन्यावरून भांडत होते. मी लगेच कपाटात टाकला."

पहिले आले समितीचे चिटणीस. वरचे. डावा भांग इतका रेखीव की पट्टी ठेवून पाडल्यासारखा. "फोन विसरलो होतो म्हणून आत गेलो," ते म्हणाले. "पण मला कशाला विचारताय? ती रेघ उजवीकडे आहे. कशी उठून दिसते बघा. आम्ही आमच्याच पायावर धोंडा पाडून घेऊ का?"

"ठसेकाराला पकडलं तर तुमचा फायदाच आहे."

"फायदा कसला, मॅडम? नमुना सगळ्यांनी पाहिला. आता खालचे म्हणतायत, सत्य बाहेर आलं." चिटणिसांनी सुस्कारा टाकला. तो सुस्कारा मात्र खरा वाटला.

दुसरे प्राध्यापक. इतिहासाचे, खालच्यांतले. संस्थापकांचा भांग उजवाच होता यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, आणि बाई नको नको म्हणत असताना त्यातला एक उतारा वाचूनही दाखवला. "मी चष्मा आणायला गेलो होतो," ते म्हणाले. "काम मात्र ओबडधोबड आहे. नमुन्यावर बोट फिरवा, छडीचा वळ उठावा तसं लागतं. पण बाजू बरोबर आहे. ऐतिहासिकदृष्ट्या निर्विवाद आहे."

"प्राध्यापक, एका माणसाची नोकरी जातेय."

"इतिहासात अशी बलिदानं होतात."

बाईंनी पेन टेबलावर आपटलं आणि त्यांना जायला सांगितलं.

तिसऱ्या आल्या नातबाई. संस्थापकांची नात. वय सत्तरीच्या पलीकडे गेलं होतं, केस पांढरे होऊन विरळ झाले होते, पण गावाच्या लेखी त्या नातच होत्या. प्रत्येक समारंभात त्यांना पहिल्या रांगेत बसवत, हार घालत आणि कार्यक्रम संपला की घरी पोचवायला विसरत.

"शाल राहिली होती गं," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी हे असंच. मला एक सांग, त्या ठसेकाराला खरंच काढून टाकणार?"

"पुरावा तसाच निघाला तर काढणार."

"त्यानं नसेल केलं. एवढ्याशा खाचेपायी माणसाच्या पोटावर पाय आणता तुम्ही." आणि त्या काठी टेकत निघून गेल्या.

तिघेही गेल्यावर बाई बराच वेळ नमुना हातात घेऊन बसून राहिल्या. काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला, की तुझ्या त्या चौकशीत वरच्यांना न्याय मिळणार आहे ना, नवऱ्याकडचे विचारतायत. बाईंनी फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला.

३

ठसेकाराच्या घरापुढे गर्दी होती. बाईंना वाटलं, दगडफेक झाली की काय. जवळ गेल्यावर कळलं, ही सगळी खालची माणसं होती आणि ती अभिनंदनाला आली होती. ठसेकाराचा मेहुणा हातात हार घेऊन दारात उभा होता आणि त्याची बहीण, म्हणजे ठसेकाराची बायको, त्याला आत येऊ देत नव्हती.

"आमच्या भावोजींनी करून दाखवलं," मेहुणा बाईंना सांगू लागला. "नोकरी गेली तर गेली. आपण वर्गणी काढू."

"हो का? त्यांनी कबूल केलंय?"

"कबूल कशाला करायला हवं? कामच बोलतंय."

ठसेकार आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. चांगला धिप्पाड माणूस, पण रुसलेल्या मुलासारखा. त्याच्या बायकोनं खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तरी बोलतं करा. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. पेन्शन बुडेल, तुरुंगात जाईल, पण हा माणूस तोंड उघडत नाही."

"तुम्ही केलंत का?" बाईंनी सरळ विचारलं.

"नमुना पाहिलात ना?" भिंतीकडूनच उत्तर आलं.

"पाहिला."

"तो पाहूनही मला विचारता, मग माझं बोलणं खुंटलं."

"अहो, मला तुमच्यातलं कळत नाही. समजावून सांगा."

"ज्यांच्यापुढे आयुष्य घालवलं त्यांना कळलं नाही. संचालकांना कळलं नाही. बाहेर तो मेहुणा हार घेऊन उभा आहे, त्यालाही वाटतंय की ते माझं काम. कुणाकुणाला समजावू?" ठसेकार उठून बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. "बडतर्फ करा, काही करा. पण ते घाणेरडं काम माझ्या नावावर लागलं, बाई. मेल्यावरही लोक म्हणतील, हा त्याचा हात."

"मग वंगण लावताना तुम्ही पाहिलं कसं नाहीत?"

ठसेकारानं परत भिंतीकडे तोंड केलं. रुसव्याचं खरं कारण इथं होतं हे बाईंच्या लक्षात आलं. "नाही पाहिलं," तो शेवटी म्हणाला. "इतक्यांदा पाहून झालं होतं. माझ्या कामात चूक असेल असं मला वाटलंच नाही."

बाहेर पडताना बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. वरच्यांना हा माणूस गुन्हेगार म्हणून हवा होता, खालच्यांना शूर म्हणून. त्यानं काही केलेलंच नाही ही गोष्ट कुणाच्याच सोयीची नव्हती. पण "घाणेरडं काम" हे त्याचे शब्द मात्र त्यांच्या डोक्यात घुमत राहिले, आणि टांकसाळीच्या फाटकाशी त्या मधेच थबकल्या.

४

"कपाट उघडा," त्या संचालकांना म्हणाल्या.

"मॅडम, ते सील करायचंय."

"आधी उघडा, मग सील करा."

ठसा टेबलावर आला. बाईंनी शेजारी नमुना ठेवला आणि आधी नुसतं पाहिलं. दिव्याखाली ठशातला चेहरा चांगला वर आलेला दिसत होता, नाक, गाल, कपाळ सगळं. बाईंनी बोट लावलं तर ते खोल गेलं. चेहरा वर आलेला नव्हताच, आत कोरलेला होता. डोळ्यांना मात्र तो उठावाचा भासत होता.

"प्रत्येकाला असंच वाटतं," संचालक म्हणाले. "परवा त्या तिघांनाही वाटलं. मी सांगत बसलो नाही."

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"म्हणालो, हे आपलं पदक."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी ठशाच्या केसांवरून नख फिरवलं. तिथे कोरणीनं पाडलेली वेडीवाकडी खाच होती. नमुन्यावर त्याच जागी उंचवटा आला होता.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "भांग म्हणजे केसांतली खोल रेघ. पदकावर ती खोल यायची तर ठशात ती उंच हवी. तयार ठशात उंच रेघ कशी उठवणार? ती आधीपासून ठेवावी लागते. ठशात खाच पाडली की पदकावर वळ उठतो. ठसेकाराला भांग पाडायचा असता तर त्यानं हा मूर्खपणा केला असता का?"

संचालकांचा चेहरा पडला. टांकसाळीच्या प्रमुखाला हे सुचायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं.

"म्हणजे हे ठशाला पदक समजणाऱ्या माणसाचं काम. आणि अशा माणसाला दुसरीही गोष्ट ठाऊक नसणार. पदकावर रेघ उजवीकडे आहे. ठशात बघा."

"डावीकडे," संचालक पुटपुटले. "छापताना बाजू उलटते."

"ज्यानं केलं त्याला भांग डावीकडे हवा होता."

"चिटणीस," संचालक म्हणाले आणि फोनकडे हात नेला.

बाईंनी फोनवर हात ठेवला. त्यांनाही आधी चिटणीसच आठवले होते. पण आता सकाळपासून खटकत होतं ते काय, हे त्यांना उमगलं. चिटणीस म्हणाले होते, रेघ उठून दिसते. प्राध्यापक म्हणाले होते, वळ. दोघांनी नमुना पाहिला होता, आणि नमुन्यावर दुसरं काही दिसण्यासारखं नव्हतंच. खाच होती ती फक्त ठशात, आणि ठसा नमुना निघाल्यापासून कपाटात होता. तरीही एका माणसानं खाच म्हटलं होतं.

बाईंना स्वतःचाच राग आला. चिटणीस असते तर किती बरं झालं असतं.

५

नातबाईंचं घर दोन वस्त्यांच्या मधल्या उतारावर होतं. त्यांनी दार उघडलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये. मी उद्या स्वतःच येणार होते."

"आज का नाही आलात? तो माणूस तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलाय."

"भीती वाटली गं." त्या खुर्चीत बसल्या. "मला वाटलं होतं, तो भांग बघतील, म्हणतील आजोबा असेच होते, आणि संपेल. कुणावर आळ येईल असं मनातही नव्हतं. आणि नमुना निघाला तर रेघ भलतीकडेच. मला काही कळेचना."

"पण का केलंत?"

"तो कोण होता त्या ठशात? केस मागे फिरवलेला, कुठल्या तरी दुकानाच्या पाटीवरचा माणूस. मला माझे आजोबा ओळखू येईनात. आम्ही चहाला गेलो, सगळे हसत होते, कसा छान तोडगा काढला म्हणून. मी शाल घ्यायला आत गेले. कोरणी तिथेच पडली होती." नातबाईंनी काठी जमिनीवर टेकली. "महिनोन् महिने भांगावर भांडले. मी पहिल्या रांगेत बसलेली असायची. एकानंही मला विचारलं नाही, की बाई, तुम्ही त्यांना पाहिलंय, भांग कुठे होता."

हे बाईंना लागलं. कारण त्यांनीही विचारलं नव्हतं. आणि का विचारलं नव्हतं तेही त्यांना ठाऊक होतं. उत्तर मिळालं असतं तर भांडण संपलं असतं, आणि ते संपायला कुणाला हवं होतं?

"मग डावीकडे होता?" त्यांनी हळूच विचारलं.

"डावीकडे. अजून डोळ्यांपुढे आहे. ते पहाटे कामाला जायचे आणि मी झोपल्यावर यायचे. निघण्याआधी विंचरायला बसले की मी मागे स्टुलावर उभी राहायची आणि आरशातून त्यांच्याशी बोलायची. आरशात ते माझ्याकडे बघून..."

त्या थांबल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आरशात," बाई म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून कथलाचा नमुना काढून नातबाईंच्या हातात दिला. म्हातारीनं तो खिडकीशी नेला. वळ उठलेला होता, काम ओबडधोबड होतं, पण बाजू एकदा आरशानं उलटली होती आणि एकदा ठशानं. नातबाईंनी त्या वळावरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"समोरून कधी बघायलाच मिळाले नाहीत गं," त्या म्हणाल्या.

६

संचालकांच्या खोलीत सगळे जमले. ठसेकाराला बायकोनं जवळजवळ ओढत आणलं होतं. नातबाईंनी उभं राहून सांगितलं की खाच आपण पाडली, ठसेकाराचा काही संबंध नाही आणि जी शिक्षा असेल ती आपल्याला द्या. संस्थापकांच्या नातीला शिक्षा देण्याची कुणाची छाती नव्हती, तेव्हा तो विषय तिथेच संपला. संचालकांनी निलंबन मागे घेतलं.

ठसेकाराकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. चिटणीस पुढे सरकले. "म्हणजे नातबाई, तुम्ही खाच डावीकडे पाडलीत. याचा अर्थ..."

"पण पदकावर ती उजवीकडे आलीय," प्राध्यापक म्हणाले. "नियतीचाच कौल आहे."

"त्यांनाच विचारा ना," चिटणीस म्हणाले. "त्यांनी पाहिलंय."

सगळी खोली नातबाईंकडे वळली. त्यांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

"एवढी वर्षं विचारलं नाहीत," नातबाई म्हणाल्या. "आता नाही सांगायची."

मग विनवण्या झाल्या, मोठ्यानं बोलणं झालं. सोहळा तोंडावर होता. शेवटी संचालकांनीच नवा तोडगा काढला, की संस्थापकांना टोपी घालू. समितीनं तो एकमतानं मंजूर केला, इतक्या झटपट की बाईंना हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

"त्यांनी जन्मात टोपी घातली नाही," नातबाई म्हणाल्या. ते इतिवृत्तात आलं नाही.

खोली रिकामी होऊ लागली. बाहेर मेहुणा उभा होता. भावोजी निर्दोष आहेत हे त्याला कळलं होतं. त्याच्या हातात या वेळी हार नव्हता, आणि ठसेकार दिसताच तो दुसरीकडे बघू लागला. ठसेकारानं ते पाहिलं. तो दारातून मागे फिरला आणि संचालकांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"नवा ठसा मी कोरीन," तो म्हणाला. "पण एका अटीवर. या आजींनी माझ्या बाकाजवळ बसायचं."

"आता कशाला?" संचालक वैतागून म्हणाले. "टोपी तर आहे."

"टोपी नीट बसायची तर खालचं डोकं ठाऊक हवं. मी आधी केस कोरतो, मग त्यावर टोपी. कुणाला दिसणार नाही." तो नातबाईंकडे वळला. जिच्यापायी त्याचं नाव मातीत गेलं होतं, त्या बाईपुढे तो धिप्पाड माणूस जरा वाकला. "सांगा आजी. भांग कुठे होता?"

नातबाईंनी चौकशीबाईंकडे एकदा पाहिलं. मग काठी टेकत त्या उठल्या, ठसेकाराचं डोकं दोन्ही हातांनी खाली घेतलं आणि त्याच्या केसांतून बोट फिरवून त्याला दाखवलं.